कडबाकुट्टीचं मध्यंतर

आमच्या हॉलच्या भिंतीवर चाळीस वर्षं एक प्रमाणपत्र होतं. रशियन भाषेच्या परीक्षेत मी उत्तीर्ण झाल्याचं. फ्रेम लोखंडी अँगलची, चारी कोपरे वेल्डिंग केलेले, आणि ती भिंतीवर खिळ्याला टांगलेली नव्हती, दोन बोल्टांवर आवळून बसवलेली होती. घर रंगवायला आलेले रंगारी तिच्या कडेकडेनं ब्रश फिरवून निघून जात, काढायच्या भानगडीत कुणी पडत नसे. त्यामुळे १९८५ सालचा निळा रंग तिच्यामागं अजून शाबूत होता.

या प्रमाणपत्राचा मला जन्मभर फार उपयोग झाला. म्हणजे रशियन बोलावं कधीच लागलं नाही. मी पाटबंधारे खात्यात कारकून. नवा साहेब आला की कुणीतरी सांगायचं, "हे आकाराम, यांना रशियन येतं," आणि साहेब लगेच अहो-जाहोवर यायचा. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी पगाराऐवजी रशियनचीच चौकशी केली. कोल्हापुरात रशियन माणूस गाठ पडण्याची भीती तशी नव्हती. एकदा देवळाबाहेर एक गोरं जोडपं दिसलं तेव्हा मी खबरदारी म्हणून पलीकडच्या गल्लीतून घरी आलो. ते जर्मन होते असं मागाहून कळलं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या मे महिन्यात एका सकाळी स्वप्नाली आली.

स्वप्नाली ही माझा मित्र धोंडीराम चौगले याची मुलगी. धोंडीरामचा उद्यमनगरात कडबाकुट्टीची यंत्रं बनवायचा छोटा कारखाना. एका बाजूनं कडबा घालायचा, दुसऱ्या बाजूनं जनावरांसाठी बारीक कुट्टी पडते, एवढं साधं यंत्र. दोन वर्षांपूर्वी धोंडीराम गेला आणि ही पोरगी पुण्याची नोकरी सोडून बापाच्या खुर्चीवर येऊन बसली. चुलत्यांना शेड विकायची होती. तिनं हातापाया पडून दिवाळीपर्यंतची मुदत घेतली होती.

"काका, ताश्कंदहून चाळीस मशीनची ऑर्डर आलीया," ती म्हणाली. "पहिलीच परदेशची. ही हातातनं गेली तर चुलतं काय माझं ऐकत न्हाईत. पण त्यास्नी माहितीपुस्तक रशियनमधी पायजे, आणि म्हैनाअखेर पायजे."

"मग फोनमधून कर की. हल्ली फोन वाट्टेल ते करतो," मी जरा घाईनंच म्हणालो.

"केलतं की!" तिनं मोबाइल पुढं धरला. ताश्कंदच्या बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं होतं, 'आपल्या यंत्रात नाटक कोणत्या वेळी असते?'

झालं होतं असं. मूळ पुस्तिका धोंडीरामनंच इंग्रजीत लिहिलेली, आणि त्याला 'इंटरवल' या शब्दाचं फार प्रेम. दर आठवड्याच्या इंटरवलनं तेल द्या. पातं आणि पट्टी यांत इंटरवल ठेवा. तासभर चाललं की यंत्राला इंटरवल द्या. फोननं बिचाऱ्यानं इंटरवल म्हणजे थिएटरातलं मध्यंतर धरलं आणि प्रत्येक ठिकाणी 'अन्त्राक्त' असा रशियन शब्द ठोकून दिला. पातं आणि पट्टी यांच्यामध्ये नाटकाचं मध्यंतर ठेवावं, असं वाचल्यावर ताश्कंदकरांनी काय समजायचं?

"बाबा कायम म्हणायचे," स्वप्नाली म्हणाली, "रशियन बघावं तर आकारामचं."

हे ऐकून मी भिंतीवरच्या फ्रेमकडं बघायचं टाळलं. कारण खरी गोष्ट उलटी होती.

चौऱ्याऐंशी साली बिंदू चौकात रशियन पुस्तकांची गाडी यायची. जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तकं, त्यांना एक विशिष्ट वास असायचा, तो मला अजून आठवतो. धोंडीरामला लेथ मशीनवरचं एक पुस्तक आवडलं. इंग्रजी प्रती संपल्या होत्या, रशियन शिल्लक होती. त्यानं ती घेतली आणि ती वाचता यावी म्हणून शनिवारच्या रशियनच्या वर्गाला नाव घातलं. धोंडीरामनं घातलं म्हणून मी घातलं. बाई पुण्याहून एसटीनं यायच्या. तासाच्या मध्ये दहा मिनिटं सुट्टी, तिला त्या 'पेरेरीव' म्हणायच्या. आम्हाला नीट आलेला पहिला शब्द हाच. पेरेरीव झाला की गाड्यावर चहा आणि एक खारी दोघांत, आणि त्या वेळात धोंडीराम मला मागचा धडा समजावून सांगायचा. त्याला ते चढतच जायचं आणि मला उतरत जायचं.

परीक्षेच्या तोंडावर त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. धोंडीराम कारखान्यात बसला तो बसलाच. मी त्यानं शिकवलेल्यावर चार मार्कांनी पास झालो. तेव्हा तो सायकलवरून ही लोखंडी फ्रेम खांद्यावर घेऊन आला, म्हणाला, "कागद हाय, उडून जाईल. वजन घातलंय." स्वतःच बोल्ट मारले. त्यानंतर तो जाईपर्यंत आम्ही एकमेकांशी रशियनबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी शरमेनं बोललो नाही. तो का बोलला नाही हे मी कधी विचारलं नाही.

अशा माणसाच्या मुलीला 'मला येत नाही' म्हणायला जीभ रेटेना. "ठेव कागद," मी म्हणालो. "बघतो."

शब्दकोश माळ्यावरून काढताना माझी कंबर धरली. ते पाहायला आलेले शेजारचे गणपतराव कंबरेपेक्षा शब्दकोशाकडंच जास्त बघत होते. गणपतराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, पण बेल मारायची सवय गेलेली नाही. कुणाचंही बोलणं ते मध्येच थांबवतात.

"इंटरवल म्हंजे काय, मी सांगतो," ते म्हणाले. "इंटरवल म्हंजे गाडीला गाडी. गडहिंग्लजची सुटली की अर्ध्या तासानं दुसरी. लिहून टाका, गाडीला गाडी."

"कडबाकुट्टीत गाडी कुठं आली?"

"न्हाय कशी? जोडून देतो म्हना."

रशियन माणसानं मात्र इथं फार काटेकोरपणा दाखवलेला आहे. दोन वस्तूंमधली फट असेल तर 'झाझोर'. काम थांबवून घेतलेली विश्रांती असेल तर 'पेरेरीव'. दोन वेळांमधला काळ असेल तर 'प्रोमेझूतक'. गणितातला तुकडा असेल आणि त्याची दोन्ही टोकं धरायची असतील तर एक शब्द, टोकं सोडून द्यायची असतील तर दुसरा. इंग्रजीवाल्यांनी आणि धोंडीरामनं या सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं होतं. कुठला इंटरवल कुठल्या जातीचा हे पाहायला मला कारखान्यातच जावं लागलं.

तिथला जुना फिटर बुद्धभूषण. त्याला मी विचारलं, पातं आणि पट्टी यांत अंतर नेमकं किती?

"पोस्टकार्ड सरकंल इतकं," तो म्हणाला. "मालकांनी तसंच शिकवलंय."

"अरे, पण आता पोस्टकार्ड बघितलंय कुणी?"

"म्हून आता लग्नपत्रिका लावतो." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण पत्रिका साध्या घरची पायजे बघा. मोठ्या लोकांच्या पत्रिका जाड असत्यात. गेल्या हंगामात एका संचालकाच्या पोराची पत्रिका लावून फट ठेवली, तर कडबा कापायचाच बंद झाला. नुस्ता चेंगारतोय."

हे रशियनमध्ये कसं लिहायचं? शेवटी मायक्रोमीटरनं साध्या घरची एक पत्रिका मोजली आणि आकडा लिहिला. ज्या लग्नाची ती पत्रिका होती, त्या लग्नाला मी गेलो होतो आणि जेवण चांगलं होतं, म्हणून माझा तिच्यावर विश्वास होता.

इकडं घरात वेगळंच चाललं होतं. ताश्कंदच्या बाईंचं नाव दिलबर. त्यांचे निरोप थेट माझ्या फोनवर येऊ लागले. डायनिंग टेबलावर फोन वाजला की माझी बायको संयोगिता चष्मा लावून मोठ्यांदा वाचायची. "दिलबर विचारत्या, फट किती ठेवायची?" किंवा, "दिलबर म्हणत्या, तुमच्या उत्तराची वाट बघतीय." मी सगळं समजावून सांगितलं. तिला कळलंही. पण हे गणपतरावांच्या कानावर गेलं आणि दोन दिवसांत मंगळवार पेठेतली माझ्या वयाची माणसं माझ्याकडं निराळ्याच आदरानं बघू लागली.

तर काम रेटत चाललं होतं आणि, खरं सांगतो, मला त्याची गोडी लागली होती. विसरलेली अक्षरं ओळख देऊ लागली. 'चेरेझ द्येन' हा शब्दप्रयोग भेटला तेव्हा तर मी टाळीच वाजवली. एक दिवस सोडून पुढच्या दिवशी, म्हणजे आपलं दिवसाआड! इंग्रजीला यासाठी केवढा आटापिटा करावा लागतो, आणि रशियनला आपल्यासारखं दोन शब्दांत जमतं. रशियन भाषा आतून मराठीच आहे अशी माझी खात्री झाली आणि त्याच धुंदीत मी तेलाचं प्रकरण उरकलं. धोंडीरामनं लिहिलं होतं, दर आठवड्याच्या इंटरवलनं तेल. मी मनात म्हटलं, दर आठ दिवसांनी. आणि लिहिलं, 'वोसेम द्नेय'. आठ दिवस. पुढं पंधरवड्यानं बोल्ट आवळायचे होते, तिथं पंधरा लिहिले. पुस्तिका गेली. स्वप्नालीनं पेढे आणले.

चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉल लावायचा निरोप आला. माझ्या घरी स्वप्नाली, संयोगिता, आमंत्रण नसताना गणपतराव, आणि पडद्यावर दिलबर. पन्नाशीच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, चेहरा आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा.

"ताश्कंद आपल्यापेक्षा अर्धा तास मागं हाय," स्वप्नालीनं सांगितलं.

"म्हंजे एक गाडी मागं," गणपतराव म्हणाले.

दिलबरबाईंनी रशियनमधून सावकाश विचारलं. यंत्राबरोबरच्या गॅरंटी कार्डावर तेलासाठी वर्षाचे बावन्न चौकोन आहेत. पुस्तकाप्रमाणे आठ-आठ दिवसांनी तेल दिलं तर वर्षात पंचेचाळीसच वेळा होतं. उरलेल्या सात चौकोनांत शेतकऱ्यानं काय भरायचं? गॅरंटी कुठली खरी धरायची?

मला प्रश्न कळला याचाच इतका आनंद झाला की उत्तर चुकीचं असू शकेल हे डोक्यातच आलं नाही. मी हसून सांगितलं, आठ दिवस म्हणजेच आठवडा.

"आठवडा सात दिवसांचा असतो," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे आठ," मी म्हणालो, आणि बोटांवर मोजून दाखवलं. रविवार एक, सोमवार दोन, असं करत पुढचा रविवार आठ.

त्यांनीही बोटं वर केली. रविवारपासून सुरुवात केली आणि शनिवारी थांबल्या. सात.

"पुढचा रविवार धरा की!" गणपतराव पडद्याकडं तोंड करून ओरडले. "आठवडा म्हनत्यात त्याला, बाई! शब्दातच आठ हाय!"

"पुढचा रविवार पुढच्या आठवड्यात येतो," दिलबरबाई शांतपणे म्हणाल्या, हे मी भाषांतर करून सांगितलं. साठी उलटलेल्या आम्हा दोघा माणसांना वारांच्या नावाच्या पेठांत राहून हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की रशियन राहू द्या, आमच्या घरच्या उझ्बेक भाषेतही आठवड्याला 'हाफ्ता' म्हणतात.

"हप्ता?" गणपतराव दचकले. "तिथंबी घेत्यात?"

"हप्ता म्हंजे सप्ताह की, काका," स्वप्नाली हळूच म्हणाली. "सात."

फोन बंद व्हायच्या आधी दिलबरबाईंनी आणखी एक गोष्ट मागितली. त्यांच्या साहेबांना आता भाषांतरकाराविषयी शंका आली होती. त्याच्या प्रमाणपत्राची सही-शिक्क्याची खरी प्रत शुक्रवारपर्यंत हवी, नाहीतर ऑर्डर दुसरीकडं. हे मी भाषांतर करताना माझ्याच तोंडानं सांगितलं. स्वप्नालीनं पेल्यातला चहा तसाच ठेवला आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी दाखल्यांच्या केंद्रात गेलो. खिडकीतल्या बाईंनी मोबाइलवरचा फोटो बघितला. त्यात काचेत माझाच चेहरा उमटला होता.

"मूळ कागद आना. फ्रेमवर शिक्का बसत न्हाई."

"फ्रेम उघडत नाही हो, वेल्डिंग आहे. त्यापेक्षा मला रशियन येतं असं प्रतिज्ञापत्र करून देतो."

"त्याचा नमुना न्हाई. उत्पन्नाचा हाय, रहिवासाचा हाय, हयातीचा हाय. हयातीचा देऊ का?" मग त्यांना माझी दया आली असावी. "बरं, बोलून दाखवा बघू रशियन."

रांगेतली पंधरा माणसं पुढं सरकली. माझ्या डोक्यातून सगळे झाझोर आणि पेरेरीव उडून गेले. पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य तेवढं उरलं. "एतो स्तोल," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"हे टेबल आहे."

बाईंनी टेबलाकडं पाहिलं. "ते दिसतंयच की," त्या म्हणाल्या. "मूळ कागद आना."

तेव्हा फ्रेम काढण्याखेरीज इलाज राहिला नाही. चाळीस वर्षांचे बोल्ट गंजून बसले होते. ते निघाले तेव्हा सोबत भिंतीचा परातीएवढा पोपडाही निघाला आणि संयोगितानं जे काही म्हटलं त्याला कुठल्याच भाषेत प्रतिशब्द नाही. रिक्षातून फ्रेम कारखान्यात नेली. बुद्धभूषणनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"मालकांच्या हातचं वेल्डिंग हाय. सरळ सुटायचं न्हाई," असं म्हणून त्यानं ग्राइंडर लावला.

ठिणग्या उडत असताना मला बोलायला बरं पडलं. मी स्वप्नालीला सगळं सांगून टाकलं. तुझ्या बापानं मला शिकवलं, मला काही येत नव्हतं, त्याचा वर्ग सुटला आणि प्रमाणपत्र मी भिंतीवर मिरवलं, आणि आता तुझी ऑर्डरही माझ्याच आठ दिवसांपायी चालली.

"ठावं हाय की मला," ती म्हणाली.

"मग माझ्याकडं आलीस कशाला?"

"बाबांनीच सांगितलंतं. म्हणायचे, कधी रशियनचं काम निघालं तर आकारामकडं जा. माझं सगळं रशियन त्याच्या घरात बोल्टानं आवळून ठेवलंय." तिनं ठिणग्यांपासून पाय मागं घेतला. "मला वाटायचं, चेष्टाच करत्यात."

तेवढ्यात चौथा कोपरा तुटला. काच निघाली, प्रमाणपत्र निघालं. आणि त्याच्यामागं, काच हलू नये म्हणून घडी करून दाबलेली, वहीची सात-आठ पानं निघाली. धोंडीरामचं अक्षर. डावीकडं रशियन, उजवीकडं मराठी. पुढं वहीचा उपयोग नाही म्हटल्यावर त्यानं ती फाडून माझ्या प्रमाणपत्राला पाठीमागून टेकू दिला होता. चाळीस वर्षं मी त्या भिंतीखाली बसून पेपर वाचला आणि मला हे माहीत नव्हतं.

शेवटच्या पानावर तारीख होती, शनिवार, २ फेब्रुवारी १९८५. खाली लिहिलं होतं: 'नेदेल्या म्हणजे आठवडा. दिवस सात. आकाराम आठ धरतो. आज सांगितलं, पटलं नाही. परत आठ दिवसांनी सांगणे.'

त्या आठ दिवसांतच त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. पुढच्या शनिवारी तो वर्गाला आला नाही, आणि हे सांगायचं राहून गेलं.

स्वप्नालीनं 'परत आठ दिवसांनी' या शब्दांवर बोट ठेवलं आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. "ह्यांनीबी आठच लिवलंय की, काका," ती म्हणाली. मी मान फिरवून बुद्धभूषणला ग्राइंडरबद्दल काहीतरी विचारलं. तोही दुसरीकडंच बघत होता.

पुस्तिका दुरुस्त केली. आठाचे सात केले, पंधराचे चौदा. शेवटच्या पानावर लिहिलं, 'अनुवाद: धोंडीराम चौगले आणि आकाराम खोत'. शिक्का बसला, कागद वेळेत गेले. दिलबरबाईंचं उलट टपाली विचारणं आलं, पहिल्या अनुवादकाचं प्रमाणपत्र कुठं आहे? मी शब्दकोश न उघडता रशियनमध्ये उत्तर लिहिलं: 'माझ्या प्रमाणपत्राच्या मागं होतं.' आणि सोबत त्या पानांचे फोटो पाठवले. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाळीस यंत्रं ट्रकवर चढली. चुलते नारळ फोडायला आले होते आणि शेड विकायचा विषय त्यांनी काढला नाही.

ट्रक गेल्यावर स्वप्नाली म्हणाली, "काका, बाबांचं त्ये लेथचं पुस्तक घरात हाय अजून. रशियनमधलं. मला शिकवाल वाचायला?"

"मला कुठं येतंय?"

"बाबांची पानं हायतच की. आठ दिवसांनी या."

तो शनिवार होता. मी बोटं मोजली नाहीत. पुढच्या शनिवारी सकाळी दोन खाऱ्या बांधून घेऊन गेलो आणि कारखान्यातल्या धोंडीरामच्या जुन्या बाकावर जाऊन बसलो.